टाकाची सावली

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... अजूनही नाही. पण ही गोष्ट माझ्याच हातून घडली, म्हणून लिहितोय. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. बुलढाण्यात एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो.

सोनोग्राफी तेव्हा कुठली? पित्ताशय बघायचं तर पेशंटला आदल्या संध्याकाळी गोळ्या द्यायच्या आणि सकाळी उपाशीपोटी फोटो काढायचा. गोळ्यांनी पित्ताशय फिल्मवर पांढरं उठायचं; खडे असले तर त्यात काळे ठिपके. फिल्म महाग, म्हणून आम्ही एकीवरच भागवायचो.

जानेफळची सुमनबाई आली होती, तिशीतली. उजव्या बरगडीखाली दुखायचं. दागिने काढ म्हटलं तर अडून बसली. गळ्यात लांब दोऱ्यात, पार बरगडीपर्यंत लोंबणारा सवतीचा टाक होता— नवऱ्याची पहिली बायको वारली की दुसरीने तिच्या नावाने ठसा उठवलेला चांदीचा छोटा पत्रा, म्हणजे टाक, गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत.

"लग्नापासून काढला नाही, भाऊ."

मी खेकसलो. शेवटी तिने तो काढून बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या हातात दिला. मी डोळ्यांनी पाहिलं.

तिला टेबलावर निजवून फोटो काढला. ओली फिल्म उजेडासमोर धरली. पित्ताशय स्वच्छ, खडा नाही. आणि त्याला लागूनच... टाकाची सावली! वरच्या कडीसकट.

"पुन्हा घातलास ना?" मी ओरडलो.

"नाही हो! पाहा ना, गळ्यात काही हाय काय?"

नव्हतं. नवरा बाहेर टाक मुठीत धरून बसला होता.

डॉक्टर वैतागले. "दुसरी काढ. या वेळी उभी करून काढ." ती सावली नसती तर पित्ताचं औषध देऊन तिला तेव्हाच घरी पाठवलं असतं. दुसऱ्या फिल्मवर टाक नव्हता. पण ती उभी राहिल्यामुळे पित्ताशयाच्या तळाशी बसलेले पाच-सहा बारीक खडे स्पष्ट दिसले.

नवरा रडायलाच लागला. "पहिलीले बी असंच दुखे, साहेब. आम्ही पित्त समजून राह्यलो, अन् ती गेली..."

सुमनबाईचं ऑपरेशन झालं, ती वाचली. पुन्हा दाखवायला आली तेव्हा टाक गळ्यात होता. तिने ती पहिली फिल्म मागून घेतली आणि सावलीवर बोट ठेवलं. "बाई, तुह्या वक्ताले कोणीच पाह्यलं नाही. माह्या वक्ताले तू आली." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

फिल्म ठेवायची कॅसेट तपासली, वापरलेली फिल्म चुकून पुन्हा घातली का तेही पाहिलं. उलगडा आजतागायत नाही. फिल्मही तिच्याकडेच गेली. पण त्यानंतर दागिना काढायला कोणी बाई अडली, की मी खेकसायचो नाही. आधी विचारायचो, "कोणाचा आहे?"