पास्कूच्या वाडीची चव

काकडी मोडताना पास्कू ती कानाशी धरत असे. कट् असा आवाज आला की त्याचा चेहरा उजळे. "बोलली!" म्हणून तो तिचा पहिला तुकडा शेजारच्याला देई आणि मग स्वतः खाई. न बोलणारी काकडी मात्र खिडकीतून खालच्या गुरांना जाई. ठाण्याच्या कचेरीत मधल्या सुट्टीत आम्ही कारकून आपापले फराळाचे डबे घेऊन भिंतीशी बसत असू. पास्कू ख्रिस्ती, म्हणून जरा अंतर राखून बसे, पण सगळ्यांची नजर त्याच्याच डब्यावर. माठाची परतलेली भाजी, उकडलेल्या वालाच्या शेंगा, मुळ्याच्या चकत्या, आणि कोपऱ्यात मूठभर भात. "तुम्ही लोक भाताला भाजी लावता," तो म्हणे, "मी भाजीला भात लावतो." त्याच्या हातचं न खाणाऱ्या मंडळींनीही, कच्च्या काकडीला विटाळ नसतो, असा निर्णय आपसांत करून घेतला होता.

मला ती काकडी आवडत नसे. म्हणजे काकडी आवडे. ती पास्कूची होती हे आवडत नसे.

आम्ही इंग्रजी शाळेत एका बाकावरचे. तो चरईतल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, मी चार घरं सोडून पलीकडचा, कायस्थांच्या आळीतला. अक्षर माझं चांगलं होतं, पण मास्तर वही दाखवायला उचलत ती त्याची. तो हसला की वर्ग हसे. लहानपणीच त्याचे वडील गेले, आणि आईच्या वाट्याला देवळामागची एक वाडी आली. नोकरी लागल्यावरही त्याने ती वाडी सोडली नाही. सकाळी विहिरीवर रहाट ओढून, वाफे भिजवून तो कचेरीत येई, तरी माझ्याआधी पोचलेला असे. रविवारी प्रार्थना आटोपली की बियाणं आणायला कल्याणच्या बाजारात. या सगळ्याबद्दल त्याला स्वतःचं भारी कौतुक होतं, आणि ते तो लपवत नसे. "नारायण, अशी वांगी कलेक्टरच्या टेबलावर नाहीत!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

हे सगळं मी सोसलं असतं. पण पुढे तो माझ्या घरात शिरला.

माझे वडील, आप्पा, शिरस्तेदारीतून निवृत्त झालेले. खाण्यापिण्याचे शौकीन. रविवारचं मटण, बुधवारची कोलंबी, रोजचं तूप आणि रात्री मुंबईहून आणवलेली ब्रँडी. भाजी ताटात आली की ती डावीकडे सरकवून म्हणत, "हे बकऱ्याला घाला, मग तो बकरा मला घाला." साठी उलटली आणि वाताने त्यांच्या पायाचा अंगठा धरला. सुजून तांबडालाल होई, चादर लागली तरी ओरडत. डॉक्टरांनी मटण आणि ब्रँडी सोडायला सांगितलं. मी विनवण्या केल्या, बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं. आप्पांनी काठीने कपाटाची फळी फोडली आणि विचारलं, "तू माझा बाप की मी तुझा?"

मग एके संध्याकाळी पास्कू समाचाराला आला. ओसरीच्या पायरीवर टोपली ठेवली. तीत पडवळ, दोडकी, लाल माठ आणि कोवळ्या काकड्या.

"काका, काही सोडू नका," तो म्हणाला.

आप्पांनी मान वर केली. त्या महिन्यात असं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता.

"फक्त क्रम बदला. आधी हे खा, पोटभर. मग जागा उरली तर मटण खा. कोण नको म्हणतो?"

"आणि ब्रँडी?"

"ती साहेबाची बाई, काका. तिला पोसायचं म्हणजे पेन्शन तिच्या पायाशी, आणि सूज तुमच्या पायाशी. माझ्या घरी जांभळाची वाईन आहे. आईच्या हातची. वाडीतलीच जांभळं, थोडा गूळ, बाकी सगळं बरणीच करते. जवळजवळ फुकट. संध्याकाळी या. पण एकच पेला, तोही बसून, आणि तोंडात काहीतरी हिरवं असताना."

आप्पा हसले. मी केलेल्या विनवण्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पा काठी टेकत वाडीत गेले, आणि मग रोजच जाऊ लागले. जांभळीखाली एक बाक होता. त्यावर दोघे बसत. आमच्या ज्ञातीत कुजबूज सुरू झाली. एका वडीलधाऱ्यांनी ओसरीवर येऊन आप्पांना जाब विचारला.

"ख्रिस्त्याच्या घरचं पिता म्हणे?"

"त्याच्या हातचं पाणी मी घेत नाही," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "वाईन म्हणजे पाणी नव्हे."

सूज हळूहळू उतरली. कपाटातली ब्रँडी तशीच पडून राहिली. आप्पांना भाजीची गोडी लागली, आणि लागली ती पास्कूच्या शब्दांसकट. पायरीवर रोज येणाऱ्या पास्कूच्या टोपलीतला माठ निवडताना माझी बायको यमुना म्हणू लागली, "पास्कूभावजी म्हणतात, देठ टाकायचे नाहीत, चव देठातच असते." माझ्या ताटात, माझ्या बायकोने वाढलेल्या भाजीत पास्कू. आप्पा पहिला घास घेऊन म्हणत, "छान! पण वाडीत बसून खाल्लं की निराळंच लागतं." कचेरीतून येताना मी देवळामागच्या वाटेने येई, आणि कुडापलीकडून त्यांचं हसणं कानावर पडे. तसे ते आमच्या घरात कधी हसलेले मला आठवत नाहीत. तिथे नेमकं काय बोलत असतील, या विचाराने जेवण गोड लागत नसे.

शेवटी मीही परसात वाफे केले. वांग्यांना कीड लागली. दोडका वेलभर फुलला, धरला एकच, तोही कडू. मग जांभळं आणून मी वाईन घातली. यमुनेने विचारलं, "कशाला हा खटाटोप?" मी म्हटलं, "आप्पांना संध्याकाळी लांब जावं लागू नये म्हणून." तिने माझ्याकडे पाहिलं आणि बरणी पुसून दिली. पावसाळा सरल्यावर मी पेला भरून आप्पांसमोर ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ गिळला नाही.

"लोणच्याला बरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पास्कू हसतच आला. आप्पांनीच सांगितलं असणार. माझी बरणी त्याने उचलून नेली, तिच्यात बांगडे मुरवले, आणि आठवडाभर कचेरीत सांगत फिरला, "असला सिरका सबंध ठाण्यात नाही! आमच्या नारायणने केलाय!" त्यात कुचेष्टा नव्हती. कुचेष्टा असती तर बरं झालं असतं; मला त्याचा सुखाने राग तरी करता आला असता.

मग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. माणसं घरं सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली. आम्हीही गेलो. पास्कू गेला नाही. वाडीतली भाजी उकडून, तिचं पाणी घेऊन तो झोपड्यांमधून हिंडे. ज्यांच्या जवळ त्यांची माणसंही जात नव्हती, त्यांच्या तोंडाला तो वाटी लावत असे. मी एकदा लांबूनच ओरडलो, "अरे, स्वतःचा तरी विचार कर!" तो म्हणाला, "भूक कुणाला लागायची थांबलीय का?" पुढच्या आठवड्यात तो स्वतः आडवा झाला, आणि तीन दिवसांत संपला.

आप्पा त्याच्या दफनाला चालत गेले. कुणाचं ऐकलं नाही. दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभे राहून त्यांनी उपरण्यात तोंड घातलं. माझी आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते. मीही रडत होतो, माझ्या बाकावरचा मित्र गेला होता. पण रडतानाही मनात आलं, की माझ्यासाठी हा माणूस असा रडला असता का?

साथ ओसरून झोपड्यांतून घरी परतलो तेव्हा आप्पांनी भाजी पुन्हा डावीकडे सरकवायला सुरुवात केली होती. मग ताटच सरकवू लागले. दुखणं नव्हतं, खाण्याची इच्छाच गेली होती. यमुना म्हणाली, "तुम्ही वाडीवर जाऊन या." मी गेलो. पास्कूची बायको नाताल एकटीच रहाट ओढत होती. मी तिच्याशी कधी दोन वाक्यांपलीकडे बोललो नव्हतो. आप्पा जेवत नाहीत एवढंच सांगितलं. तिने पडवळ तोडलं, माठाची जुडी बांधली, आत जाऊन उरलेल्या वाईनची बाटली आणली. मग म्हणाली,

"त्यो तुमचा लई हेवा करायचा, म्हायत हाय?"

"माझा? कसला हेवा?"

"काका सांजच्याला उठून घराला जायचे ना, तवा त्यो कुडापाशी उभा राहून बघत बसायचा. बोलायचा, नारायनचं बरं हाय. रोज घरी बाप हाय. मना तासभरच मिलतो."

मी टोपली उचलली आणि घरी आलो. यमुनेने पडवळ चिरून परतलं. मी वाईन पेल्यात ओतली आणि ताट आप्पांसमोर ठेवून, कधी नव्हे तो, शेजारी बसलो.

"कुणी दिलं?" आप्पांनी विचारलं.

"नातालने. लावलेलं त्याचंच आहे."

त्यांनी ताट जवळ ओढलं. मग खाल्लं. एक तुकडा उरवला नाही. जेवून झाल्यावर म्हणाले, "उद्या वाडीत जाऊ. तूही चल. तिला एकटीला रहाट ओढवायचा नाही." आणि आम्ही गेलो, पुढे आप्पा होते तोवर जातच राहिलो.

आता आप्पाही नाहीत. लोक पास्कूबद्दल विचारतात तेव्हा मी त्याची भाजी सांगतो, वाईन सांगतो, झोपड्यांमधलं त्याचं हिंडणं सांगतो. पण नातालचं ते बोलणं अजून मला सुखाने बसू देत नाही. त्यालाही हेवा वाटत होता, माझ्याइतकाच. फक्त त्याच्या हेव्यातून आमच्या पायरीवर रोज टोपली यायची. हेवासुद्धा कुणी इतका सुंदर करावा? त्याचाही मला आजतागायत हेवा वाटतो.