आण्णांच्या गाडीचं अडकलेलं स्टिअरिंग

"मिस्त्री, पुढचा पत्रा ठोका, काच बसवा आणि गाडी द्या. डॅशबोर्डला हात लावायचा न्हाई," आण्णा म्हणाले.

आण्णा हुपरीचे चांदीवाले. पैंजणांचा माल स्वतःच्या गाडीतून गावोगाव पोचवायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या आठवड्यात त्यांच्या गाडीनं एका वळणावर सायकलवाल्याला उडवलं होतं. तो जागीच गेला. गाडी पुढं झाडावर आदळली. ड्रायव्हर शिवराम पाय मोडून सरकारी दवाखान्यात पडला होता. केसही त्याच्यावरच.

"झोपलं बेणं, दुसरं काय!" आण्णा जो भेटेल त्याला सांगत होते.

शिवराम माझ्या गॅरेजला वर्षानुवर्षं येणारा माणूस. सुपारीचंही व्यसन नाही. त्यात भर दिवसा झोपेल? मला पटेना. आणि हात लावायचा नाही म्हटलं की माझा हात आधी तिकडंच जातो.

पंचनामा होऊन गाडी सुटली होती. मी खालची जोडणी सोडवून नुसता स्टिअरिंग कॉलम फिरवून बघितला. कॉलम म्हणजे आपण फिरवलेलं स्टिअरिंग खाली चाकांकडं पोचवणारा दांडा. डावीकडं फिरला. उजवीकडं करकरला आणि अडकला.

अशा वेळी आम्ही आधी दांडा वाकलाय का बघतो. तो सरळ होता. मग किल्लीचं लॉक. चालत्या गाडीत लॉक पडलं तर त्याच्या पिनेचा ओरखडा खाचेत उठतो. तोही नव्हता. राहिला क्रॉस, म्हणजे दांड्याचे दोन तुकडे जोडणारा सांधा. तो ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढच्या पॅनेलमागं असतो.

पॅनेल उघडलं. आत रिबिटा मारून पत्र्याचा कप्पा केलेला. रिकामा. त्याच्या खाली क्रॉसमध्ये फडक्याचा पीळ घट्ट बसलेला, आणि पिळात चेंगरलेलं पैंजण.

मी पान्हा खाली ठेवला. आधी फोटोग्राफर बोलावला, मग केसचे हवालदार, मग आण्णा.

"हे काय, आण्णा?"

आण्णांनी हवालदारांकडं बघितलं. "माल ठेवतो की त्यात. वाटंत लुटारू असत्यात."

"शिवरामला ठाऊक होतं?"

"ड्रायव्हरला कोण सांगतंय व्हय? उद्या त्योच टिप द्याचा."

"मग अपघातानंतर गाठोडी कुणी काढली?"

"माझा माल, मीच काढणार की!"

आता मला सगळं जुळलं. गाठोडं घसरलं होतं. फडक्याचं टोक क्रॉसमध्ये सापडलं आणि वळणावर स्टिअरिंग जाम झालं. आण्णांनी हाती लागला तेवढा माल उपसला आणि माणूस झोपला म्हणून मोकळे झाले. मी त्यांना हवालदारांसमोरच वाट्टेल ते बोललो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. शिवरामला म्हणालो, "तू झोपला नव्हतास. स्टिअरिंग अडकलं होतं." सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, गडी सुटल्यासारखा श्वास घेईल.

तो म्हणाला, "मला कायबी आठवत न्हवतं, मिस्त्री. मालक म्हणलं झोपलास, म्हटलं झोपलो आसंन. त्या सायकलवाल्याची बायकू आलती हितं. तिला हात जोडून सांगितलं, बाई, माझा डोळा लागला."

"मग आता खरं सांग."

"आता ती कशाला इस्वास ठेवंल? तुम्ही ठेवला आसता?"

 तिच्या घरी मी स्वतः फोटो घेऊन गेलो. तिनं ते हातातसुद्धा घेतले नाहीत. "त्यानं सोत्ताच्या तोंडानं कबूल केलंय," म्हणाली आणि दार लावलं.

केस काही वर्षं चालली. फोटो आणि माझी साक्ष धरून कोर्टानं शिवरामला सोडलं. सायकलवाल्याच्या गावात मात्र तो अजूनही झोपलेला ड्रायव्हरच आहे. त्यानं परत गाडी चालवली नाही. आण्णांनी नवी गाडी घेतली, नवा ड्रायव्हर ठेवला.

स्टिअरिंग अडकल्याची शंका आली, तर सीटवरच्या माणसाकडून काही कबूल करून घेण्याआधी खालचं पॅनेल उघडावं. चार स्क्रू असतात.