सत्तावीस नंबरची कॅसेट

बापूराव मेश्रामांच्या हाताला सरकारी खात्यात फार मान होता. साहेबांचं वाक्य संपायच्या आत यांची शॉर्टहँडची ओळ पुरी झालेली असायची. हाताला मान होता म्हणजे माणसालाही होता असं कोणी समजू नये. पण तो विषय निघाला की बापूराव 'जाऊ द्या हो' म्हणत आणि सुपारी कातरायला घेत.

एक्क्याण्णव साली वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीहून त्यांची पुण्याला बदली झाली. येरवड्यात दोन खोल्यांचं घर, सोबत बायको दुर्गाबाई आणि शाळकरी आनंद. पहिल्याच महिन्यात कसबा पेठेतल्या एका सहकाऱ्यानं चहाला बोलावलं. दुर्गाबाई सरळपणे म्हणाल्या, "मले चा नको, आताच झाला." यजमानीणबाई पदराआड हसल्या आणि वर म्हणाल्या, "अय्या, पुन्हा म्हणा ना!" दुर्गाबाईंनी भाबडेपणानं पुन्हा म्हटलंसुद्धा. परत येताना बसमध्ये बापूराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जरा नीट बोलत जा. आपण पुण्यात आहोत आता."

झालं! बाई नीट बोलायला शिकली. सहा महिन्यांत असा स्वच्छ ळ आणि ण काढायला लागली की शनिवारवाड्यानंही मान डोलवावी. फक्त बोलणं एकदम कमी झालं. बापूरावांना वाटलं, वय झालं, बाई शांत झाली. शहाणा माणूस! आयुष्यभर दुसऱ्यांचा शब्दन् शब्द टिपला आणि घरातला गेलेला आवाज काही यांच्या लक्षात आला नाही.

आनंद इंजिनियर झाला, दोन वर्षं पुण्यातच राबला आणि दोन हजार साली न्यू जर्सीला उडाला. मागे कॉम्प्युटर ठेवून गेला आणि रविवारचा फोन. पुढच्या वर्षी बापूराव निवृत्त झाले. घर खायला उठलं. तेवढ्यात एका संशोधन संस्थेतलं काम चालून आलं. बाहेरगावांहून पुण्यात आलेल्या बौद्ध कुटुंबांतल्या बायकांच्या मनाचा तिथं अभ्यास चालला होता. प्रियदर्शनी नावाची हुशार मुलगी वस्त्यांवस्त्यांतल्या विहारांत बसून बायकांशी बोलायची आणि ते कॅसेटवर घ्यायची. बापूरावांनी ते ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं.

नियम कडक होते. बाईचं नाव नाही, फक्त नंबर. बोली सुधारायची नाही. सुस्कारा लिहायचा, आणि शांतता किती सेकंदांची तेही कंसात लिहायचं. घरात चकार शब्द काढायचा नाही. आणि आवाज ओळखीचा निघाला तर तिथंच थांबून कॅसेट परत करायची. बापूरावांनी खाली सही केली. दुर्गाबाईंना सांगितलं, ऑफिसचं टायपिंग आहे.

मग सकाळी जे हेडफोन चढत ते जेवायलाच उतरत. अनोळखी बायकांचं दुःख ऐकून या माणसाचे डोळे भरून येत. हिचं नाव सुशीलाबाई नाहीतर सरुबाई असेल, असं ते आपल्याशीच म्हणत. स्वयंपाकघरात दुर्गाबाई डबे पुसत असायच्या, काल पुसलेलेच. पौर्णिमेला विहारात जाऊन यायच्या, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं.

सत्तावीस नंबरची कॅसेट लागली तेव्हा बापूराव खुर्चीत सावरून बसले. काय ठसकेबाज वऱ्हाडी होती! आर्वीच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटलं त्यांना. प्रियदर्शनीनं विचारलं होतं, "मावशी, मन कधी उदास होतं का?"

"उदास?" बाई खळखळून हसली. "आमच्यात उदास कोन होते बाई? आमचं डोकं दुखते, हातपाय गयतात."

"मग काय करता?"

"दुपारी मोरीतला नय सोडतो अन् बादलीसंगं बोलत बसतो. माह्या बोलीत. नयाच्या आवाजात भाईर ऐकू जात नाई." मग शांतता. बापूरावांनी घड्याळ लावलं, नऊ सेकंद. "माय होती तवा इचारे, काऊन वं, जेवली का? आता कोनी इचारत नाई. आमचे हे तर कानाले डबडे लावून बसतात दिवसभर. मी मेली तं त्याइले जेवनाच्या टायमालेच समजन."

बापूरावांचा हात कळफलकावर तसाच राहिला. मोरीतून नळाचा आवाज येत होता. रोजच यायचा. पाण्याची नासाडी म्हणून दोनदा ते ओरडलेही होते.

नियमानं कॅसेट तिथंच थांबायला हवी होती. नाही थांबली. लाज वाटत होती आणि ऐकवत नव्हतं, तरी बापूरावांनी दोन्ही बाजू ऐकल्या. एकही मले-तुले न सुधारता सगळं टाइप केलं आणि कागद संस्थेत देऊन आले.

खरी माती तर त्यांनी दुसऱ्या दिवशी खाल्ली. सगळं एका दिवसात भरून काढायची घाई झाली होती त्यांना. हेडफोन काढून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि प्रेमानं, अगदी मनापासून म्हणाले, "काऊन वं, जेवली का?"

दुर्गाबाईंच्या हातातलं झाकण तिथंच थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे टेबलावरच्या हेडफोनकडे.

"त्या कॅसेटी तुमच्याकडे येतात?"

बापूराव वळून हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

"जेवले मी," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या दुपारी मोरीतला नळ वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बापूराव हेडफोन गळ्यात ठेवून वाट बघत बसायचे.

तीन महिन्यांनी दुसऱ्या फेरीच्या कॅसेटी आल्या. सत्तावीस नंबरची तेव्हाच परत द्यायला हवी होती. पण माणूस लोभी! पैशाचा नव्हे, त्या आवाजाचा. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता त्यांनी ती लावली.

"मावशी, मागच्या वेळी किती छान बोललात! आता तब्येत कशी आहे?" प्रियदर्शनीचा आवाज.

"मी बरी आहे. काही तक्रार नाही." स्वच्छ, कोरडं, पेठेतलं मराठी. एकूण एक ळ आणि ण जागच्या जागी.

"अन् ते बादलीशी बोलणं?"

"ते बंद केलं."

"का हो?"

"मागच्या वेळी मला वाटलं, ऐकणारं कोणी परकं आहे. म्हणून बोलले."

पुढे शांतता होती. बापूरावांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. एक्केचाळीस सेकंद. मग प्रियदर्शनी हलकेच काहीतरी म्हणाली आणि कॅसेट संपली.

बापूराव उठले. मोरीत गेले, नळ सोडला आणि बादलीसमोरच्या पाटावर बसले. "दुर्गे," ते बादलीला म्हणाले, "माह्यं चुकलं वं."

पाणी काठोकाठ आलं आणि बाहेर सांडायला लागलं. दारावर टकटक झाली.

"अहो," बाहेरून दुर्गाबाई म्हणाल्या, "नळ बंद करा. पाणी वाया चाललं आहे."