गोजरबाईंचे एकोणीस चिंचोके

पोखरीचा घाट अर्धा चढलो आणि माझे गुडघे बोलायला लागले. गोजरबाई अनवाणी पुढे चालल्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "बाई, तीस वर्सं खुर्चीवर बसून पगार घेतला. आता पाय कुठनं चालायचं?"

"मला नका शिकवू," मी म्हटलं.

"मी कशाला शिकवू? मी खिचडीवाली."

दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार होता. आम्ही दोघी भीमाशंकरला पायी निघालो होतो. नवसबिवस काही नव्हता. "देवाला तोंड दावायचंय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. वर्षभरात त्या गावच्या मारुतीची पायरी चढल्या नव्हत्या, म्हणून मीही जास्त विचारलं नाही.

गोजरबाई मूळच्या या घाटावरच्या, भातखाचरांतल्या. लग्न होऊन खाली पारगावच्या बाजूला आल्या. नवरा लवकर गेला. निवृत्त होईपर्यंत मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे त्यांनी बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली. शिक्षण चौथी.

आमच्याकडे दिवाळीची सुट्टी लागते त्याच सुमाराला कारखान्याचा हंगाम सुरू होतो. आया उसात नाहीतर कांद्याच्या लागणीला जातात आणि पोरं बांधावर बसतात. उसात बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण रोजची मजुरी सोडून घरी कोण बसणार? पाच वर्षांपूर्वी गोजरबाईंनी ही पोरं मारुतीच्या सभामंडपात गोळा केली. तिथे जाळीचं दार आहे. आतून कडी लावायची आणि दुपारभर खेळ. कोळशाने चौकोन आखून साताच्या पाढ्याची लंगडी. डोळे बांधून मूग, मटकी, हुलगे बोटांनी ओळखायचे. घंटेच्या दोरीची सावली कुठे पडली त्यावरून किती वाजले ते सांगायचं. शाळेत माझ्यापुढे मान खाली घालणारी पोरं तिथे ओरडून पाढे म्हणायची. मला जरा हेवाच वाटायचा.

रोज हजेरी घ्या, असं मी त्यांना एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "लेकरांची डोकी मोजायची नसत्यात बाई. दृष्ट लागते." मीही तशीच वाढलेली, गप्प बसले. मग त्यांनीच युक्ती काढली. आत येताना प्रत्येकाने दाराजवळच्या वेताच्या पाटीत एक चिंचोका टाकायचा. एकोणीस पोरं, एकोणीस चिंचोके. भरले की कडी.

गेल्या वर्षी सुट्टीच्या चौथ्या दिवशी, उसात कामाला जाणाऱ्या शीलाचा ऋतिक धावत आला. आठ वर्षांचा. लंगडीचा पहिला डाव त्याला हवा होता. त्याची धाकटी बहीण उजू वाटेत तुटलेल्या चपलेचा अंगठा लावत बसली होती, "तू हो पुढं" म्हणाली. त्याने आपला चिंचोका टाकला आणि तिचाही टाकला. पाटीत एकोणीस भरले. गोजरबाईंनी कडी लावली.

अर्ध्या तासाने शीला पाणी प्यायला आली आणि जाळीतून म्हणाली, "आमची उजी दिसत न्हाई ती?"

उजू दिवेलागणीला सापडली, उसात चौथ्या सरीत. पाच वर्षांची होती. मी पाहिलं, पण ते लिहिणार नाही.

देवळापुढे सगळा गाव जमला होता. ऋतिक रडत सगळ्यांदेखत बोलून गेला, "मी दोन टाकले." त्याच्या बापाने, कुंडलिकने, हात उगारला. गोजरबाईंनी तो वरच्या वर धरला.

"त्याला हात लावू नको. भैनीचा चिंचोका टाकला, त्यात पाप न्हाई त्याचं. दार लावणारी मी व्हते. मार, मला मार."

कुंडलिकने मारलं नाही. शीला एवढंच म्हणाली, "तुमी बघितलं बी न्हाई, आजी?" वनखात्याने पिंजरा लावला. सभामंडपाला कुलूप लागलं. डोकी मोजली असती तर, हे मला गावात कोणी म्हटलं नाही. मीच स्वतःला म्हणते, रोज दिवा लावताना.

घाटमाथ्यावर एका दगडावर टेकलो. खाली भात पिवळं पडलं होतं. गोजरबाईंच्या टाचेतून रक्त येत होतं. मी पदर फाडायला गेले तर त्यांनी हात झटकला.

"बाई, शुक्रवारी शाळा सुटतीया."

"हो."

"ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात. कालच पोरं बांधावर बसलेली बघितली. ऋतिक बी. खेळत न्हाई, बोलत न्हाई. उसाकडं तोंड करून बसतंय, वाट बघितल्यागत."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"माझ्याकडं आता कुणी लेकरू धाडायचं न्हाई, आन् मी मागायची बी न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी कुलूप काढा. खेळ तुमाला ठावं हायेत. आन् डोक्याला हात लावून मोजा, एकेक. दृष्टीचं मी बगते देवाशी, त्यासाठीच चाललेय."

"आणि तुम्ही?"

"मी झाडलोट करीन, पोरं यायच्या आधी. पर एक करा." त्यांनी पहिल्यांदाच माझा हात धरला. "शीलाच्या दारात माझा पाय पडत न्हाई. तुमी जावा. ऋतिकला खेळायला मागून आना. ती न्हाई म्हनली, तर दुसऱ्या दिवशी परत जावा."