शब्बीर चाचांचा भिंतीचा धडा

"तात्या, तुमाला कुत्र्याचा धडा लावावा लागंल," शब्बीर चाचा मान वर न करता म्हणाले आणि समोर बसलेले काटेवाडीचे तात्या उठूनच उभे राहिले. झुपकेदार मिशा, डोक्यावर रान माजल्यासारखे केस. इंदापूरला येऊन फोटो काढायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं? स्टुडिओत कामाला लागून मला जेमतेम तास झाला होता. आता मारामारी होणार असं वाटून मी दाराकडे सरकले. चाचांनी शांतपणे एक पुस्तक उघडून तात्यांपुढे धरलं. पानावर एक केसाळ विलायती कुत्रा होता, आणि शेजारी तोच कुत्रा, मागची भिंत जाऊन निळं आभाळ आलेला. "बारीक केस न तोडता मागलं काढायचं आसंल तर ह्योच धडा," चाचा म्हणाले. तात्यांनी कुत्रा नीट न्याहाळला. "कुत्रं झ्याक हाय," ते म्हणाले, "लावा."

कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायला शिकवणारं ते पुस्तक चाचांनी पुण्यात फुटपाथवरून आणलं होतं. पुस्तक इंग्रजी, आणि चाचांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण पानोपानी चित्रं होती आणि चित्रांवर लाल गोलात आकडे होते. एकवर बोट, मग दोनवर, मग तीनवर, असं करत पन्नाशीत हा माणूस सगळं शिकला. धड्यांना नावंही चित्रांवरूनच: सफरचंदाचा धडा, मडमेचा धडा, भिंतीचा धडा. पुढे कॉम्प्युटर नवा आला आणि पुस्तकात डावीकडे असलेलं बटण उजवीकडे गेलं. चाचांनी त्या पानावर कागदाचा तुकडा चिकटवून बॉलपेननं बाण काढला. "पुस्तक जुनं झालंय," ते म्हणायचे, "खोटं न्हाय."

मी लोणी देवकरची. माझे वडील, आबा, तिथल्याच कारखान्यात, मी कॉलेजात. इंग्रजी वाचता येतं याची मला केवढी मिजास. पहिल्या आठवड्यात मी चाचांना त्यांचंच पुस्तक घडाघडा वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाच की. पर वाचता वाचता बघ बी." मग मी एका नवरदेवाच्या गालावरचा डाग पुसायला बसले आणि अर्धी मिशी पुसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी भिंतीचा धडा काढला. तडा गेलेली विटांची भिंत, आणि शेजारची वीट उचलून तो तडा बुजवलेला. "जवळचं उचलायचं," ते म्हणाले, "लांबचं उचललं की ठिगळ दिसतंय."

त्यांची एक खोड मला फार दिवस कळली नव्हती. फोटो काढताना चाचा एक कोपर असा काही बाहेर काढून उभे राहायचे की येणाऱ्याजाणाऱ्याला तो लागायचा. तो कोपर फोटोतही यायचा. गिऱ्हाइकाचा डोळा पडद्यावर मोठा केला की बुबुळात खिडकीचा पांढरा ठिपका दिसायचा, आणि त्याच्या कडेला कोपर काढून उभे असलेले तिळाएवढे चाचा. ते दर वेळी स्वतःला पुसून टाकायचे. एवढं कोण बघणार आहे, असं मी एकदा म्हटलं. "कुणी बघू दे न्हाय तर न बघू दे. दुसऱ्याच्या डोळ्यात आपलं काय काम? उजेड ठेवायचा, आपुन निघायचं."

माझं लग्न ठरलं तेव्हा आबांनी एकच हट्ट धरला: मांडवात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आईचा फोटो पाहिजे. मी तीन वर्षांची असताना आई गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, आणि हे मी कुणाला सांगतही नसे. फोटो होता एकच, कऱ्हाटीच्या मावशीच्या लग्नातला, आणि त्यातही ओवाळणाऱ्या बाईचा हात मधे आलेला. अर्धी आई दिसायची, डावी बाजू हाताआड. आयुष्यभर मी त्या हाताचा राग राग केलाय. लग्नाला आठ दिवस उरले होते.

चाचांनी आधी सफरचंदाचा धडा लावला. त्यात अर्धं सफरचंद उलटून दुसऱ्या अर्ध्याला जोडतात. संध्याकाळपर्यंत पडद्यावर पूर्ण चेहऱ्याची बाई आली. मी हरखून आबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?"

माझं अवसानच गेलं. चाचांनी ते सगळं पुसून टाकलं. "सफरचंदाला चालतंय," ते म्हणाले. "मानसाच्या दोन्ही बाजू सारख्या नसत्यात."

दोन दिवस ते पुस्तक चाळत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आबांना निरोप धाडला आणि आल्या आल्या विचारलं, "आबा, पोरीचं काय काय आईवर गेलंय?" आबा म्हणाले, "डोळं. आन् हनुवटी." चाचांनी पुस्तक मिटलं. "मग जवळचं हितंच हाय की."

भर दुपारी त्यांनी मला स्टुडिओमागच्या अंगणात बसवलं. डोक्यावर पदर, मान आईसारखी कललेली. उन्हाचा कोन जमेपर्यंत तासभर झाला. मान अवघडली, मी कुरकुरले, तर म्हणाले, "हलू नगं. आत्ता तू तू न्हाईस." त्या फोटोतला माझा डावा डोळा, गाल, कान आणि हनुवटी उचलून त्यांनी आईला लावली. दोन दिवस ते त्या एका डोळ्यावरच बसले होते.

आबा आले. या खेपेला त्यांनी चष्मा लावला नाही. टोपी काढून हातात धरली, बराच वेळ पाहिलं आणि पडद्याला म्हणाले, "कुठं हुतीस गं इतके दिस?" मी तोंड फिरवून रडले. चाचा तेव्हा उगाचच कॅमेऱ्याची काच पुसत होते.

आई मांडवात खुर्चीवर बसली. चाचा जेवून, दोन जिलब्या जास्त घेऊन गेले. मी बारामतीला आले, इथे माझं लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. दोन वर्षांनी चाचा गेले, बसल्या जागी. मी चाचींना भेटायला गेले तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "आमच्यात भिंतीवर फोटो लावत न्हाईत," त्या म्हणाल्या, "पर पेटीत ठिवायला तरी एक पायजे हुता गं. आधारचा हाय, त्यात घाबरल्यासारखं दिसत्यात." मी स्टुडिओतल्या सगळ्या फायली धुंडाळल्या. अर्ध्या तालुक्याची तोंडं होती, चाचा कुठेच नव्हते. मी त्यांच्यावर चिडले, खरं सांगते.

परवा आईचा फोटो पुन्हा मोठा करून छापावा म्हणून फाईल उघडली. सवयीनं डोळे तपासायला लागले. आईच्या उजव्या डोळ्यात जुन्या फोटोचा दाणेदार अंधार. डावा, म्हणजे माझा, मोठा केला. अंगणातलं ऊन होतं, आणि उन्हाच्या कडेला गोल टोपी घातलेला, कोपर बाहेर काढून उभा असलेला तिळाएवढा माणूस. विसरले म्हणावं तर त्याच डोळ्यात त्यांनी दोन दिवस काम केलं होतं.

माझा हात पुसायच्या बटणापर्यंत गेला होता. तो काढून मी फोन उचलला.

"चाची, चाचांचा फोटो सापडला."

"कुठं गं?"

"आमच्या आईच्या डोळ्यात हायत."