पाठीवरचं नाव

आमच्या नंदुरबारच्या मिरची बाजारामागे सायकली दुरुस्त करणारे हे गृहस्थ आधी चाक फिरवतात आणि डोळे मिटून ऐकतात. आपण तक्रार सांगू लागलो की हात वर करून थांबवतात. "चाक बोलस ना, त्याले बोलू द्या." इतक्या वर्षांत माझं बोलणं त्यांनी कधी पुरतं ऐकलेलं नाही. बायकोचं नावही कधी घेतलं नाही. "पोरेस्नी माय सुरतले दवाखानामा शे," एवढंच गेलं वर्षभर सांगायचे, तेही चाकाकडे बघत.

कर्करोगाच्या संशोधनाला मदत म्हणून आम्ही सायकल फेरी काढली, तेव्हा ज्याच्यासाठी सायकल चालवायची त्याचं नाव प्रत्येकाने पाठीवर लावायचं ठरलं. मी वडिलांचं लिहिलं. फेरीत हे गृहस्थही होते; त्यांनी कोपऱ्यात जाऊन कागद लिहिला आणि टाचण्या लावायला माझ्यापुढे पाठ केली.

"मोठ्याने वाचू नका भाऊ."

ते नाव मला तेव्हा कळलं.

वाटेत कुणाचीही साखळी कुरकुरली की ते थांबत, त्यामुळे त्यांची काळी सायकल सगळ्यांत शेवटी आली. चौकात त्यांची बायको उभी होती. डोक्याच्या रुमालाखालून नवे, आखूड केस डोकावत होते. तिने त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि पाठ वाचली.

"नाव लेवाले तुम्हले लाज वाटस, अन पाठवर लिखीसन गावभर फिरनात?"

ती कॅरिअरवर बसली, आणि ते चाक न ऐकताच निघाले.