एक तास पंचावन्न मिनिटं

बाजारातल्या जिन्याखालच्या विमान-तिकिटांच्या एवढ्याशा ऑफिसात हवाईभाऊंनी तेवीस वर्षं खुर्ची उबवली. भिंतीवर नकाशा, नकाशात टाचण्या, टाचण्यांना दोरे. कुठलीही दोन शहरं सांगा, हवाईभाऊ डोळे मिटून त्यांच्यातले किलोमीटर आणि मिनिटं सांगणार. स्वतः मात्र ते कधी विमानाची पायरी चढले नव्हते. पोहायला शिकवणाऱ्यानं पाण्यात उतरलंच पाहिजे असं थोडंच आहे?

वेळ मोजायची त्यांची रीतही खास. विमानाची चाकं सुटली की घड्याळ सुरू, टेकली की बंद. रांगा, तपासण्या, सामानाची वाट बघणं हा प्रवाशाच्या नशिबाचा भाग. कोणी परत येऊन कुरकुर केलीच, तर म्हणायचे, "ते प्रवासात धरत नाहीत."

आई गेल्यावर ज्या ताईनं त्यांना लहानाचं मोठं केलं, ती लग्नानंतर अकराशे चाळीस किलोमीटरवर राहायची. तिचा फोन आला की हे ऐटीत सांगायचे, "एक तास पंचावन्न मिनिटं, ताई. मनात आलं की निघालो." मनात यायला अकरा वर्षं लागली, तीही ताईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं म्हणून. फोनवर ती एवढंच म्हणाली, "अकराला आत नेणार आहेत. त्याआधी एकदा तोंड दाखव. पुढचं कोणी पाहिलंय."

हवाईभाऊंनी ऑपरेशनच्याच दिवशीचं सकाळी सातचं विमान धरलं. आदल्या दिवशीच जा, असं बायको म्हणाली होती, पण बायकोला यातलं काय कळतं? आठ पंचावन्नला चाकं टेकलीसुद्धा. हवाईभाऊंनी शेजारच्याकडे असं पाहिलं, जणू विमान त्यांनीच चालवलं होतं. मग दार उघडायला वीस मिनिटं. बॅग यायला पन्नास. बाहेर टॅक्सीवाला म्हणाला, "गावात जायचंय? सेहेचाळीस किलोमीटर आहे साहेब. त्यात रस्ता खणलाय." हवाईभाऊंच्या नकाशावर तिथे नुसती एक टाचणी होती.

ते पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉर्डातली खाट रिकामी होती. बाहेर बाकावर भावोजी ताईचा चष्मा हातात धरून बसले होते.

"दोनदा थांबवलं तिनं त्या लोकांना," ते म्हणाले. "म्हणाली, माझा भाऊ जवळच राहतो, येईलच."

तेवीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं बंद करणाऱ्या माणसाला लाजेनं मेल्यासारखं झालं. ते भावोजींशेजारी बसले आणि ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं डोळे उघडले. चष्म्याशिवायही तिनं भावाला ओळखलं.

"आलास? किती वेळ लागला रे?"

हवाईभाऊंच्या जिभेवर मिनिटं तयारच होती. ती त्यांनी गिळली.

"अकरा वर्षं, ताई."

ताईनं हात हलवून खाटेजवळचं स्टूल दाखवलं. "बस मग. दमला असशील."